पायरी नसलेली गाडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टवरचा लेख वाचला. समुद्र, उंच इमारती, थीम पार्क हे सगळं त्यात छान आलं आहे. पण तिथे फिरायचं कसं, याच्या लेखात दोनच वाटा आहेत: टूरबरोबर जा, नाहीतर गाडी भाड्याने घ्या. मी आणि सौ. २०२५ मध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबर असे अडीच महिने तिथे मुलीकडे राहून आलो. मला गाडी चालवता येत नाही, इंग्रजी जेमतेम, सौ.चे दोन्ही गुडघे दुखरे. तरी मुलगी ड्युटीवर गेली की आम्ही दोघंच पोळीभाजीचा डबा घेऊन बाहेर पडायचो आणि दिवेलागणीला घरी यायचो. एकदाही "घ्यायला ये" म्हणून तिला फोन करावा लागला नाही. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर निम्म्या लोकांची मुलं परदेशात आहेत. तिकडे जाऊन तीन-तीन महिने चार भिंतींत बसून आलेले आईवडील मी रोज बघतो. त्यांच्यासाठी हे पत्र लिहितो आहे, आणि थोडं आपल्या नाशिकसाठीही.

मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. १९८८ ला लागलो, २०१९ ला निवृत्त झालो. पेठ, कळवण, त्र्यंबक हे माझे बहुतेक मार्ग. त्यामुळे कुठलीही गाडी दिसली की माझं लक्ष आधी दरवाजाकडे जातं. म्हातारं माणूस चढणार कसं, बाळंतीण उतरणार कशी, हेच आयुष्यभर बघितलं. मी ज्या गाड्यांवर काम केलं त्यांची पहिली पायरी उंच. त्यात गाड्यांना दोष नाही. घाटाच्या आणि खड्ड्यांच्या रस्त्याला गाडी उंचच लागते. पण त्या पायरीपायी माझा उजवा हात कायम दरवाजाबाहेर असे. "आजी, हात द्या. गाठोडं आधी वर ठेवा. आता पाय." दिवसातून शंभर वेळा तरी हे म्हटलं असेल.

साउथपोर्टच्या थांब्यावर पहिल्यांदा ट्राम आली तेव्हा सवयीने मी सौ.चा दंड धरला. ती म्हणाली, "सोडा, पायरीच नाहीये." फलाट आणि गाडीचा तळ एका पातळीत होता. मधे बोटभर फट. ती घरातून ओसरीवर यावी तशी चालत आत गेली आणि खिडकीशी बसली. मी तसाच फलाटावर उभा राहिलो होतो, दरवाजा मिटायला लागला तेव्हा भानावर आलो.

ही ट्राम गोल्ड कोस्टचा कणा आहे. उत्तरेला हेलेन्सवेलचं रेल्वे स्टेशन, तिथून रुग्णालय, विद्यापीठ, साउथपोर्ट, मग नेरांग नदीवरचा पूल, पुढे समुद्राच्या कडेने सर्फर्स पॅराडाइज आणि आम्ही होतो तेव्हा शेवटचा थांबा ब्रॉडबीच साउथ. एकेक गाडी ४३ मीटर लांब, म्हणजे आपल्या जवळजवळ चार एसटी एकीमागे एक जोडल्यासारखी. कामाच्या दिवशी दिवसभर साडेसात मिनिटांनी एक. पुढच्या थांब्याचं नाव पाटीवर दिसतं आणि पुकारलंही जातं, त्यामुळे सौ.ला इंग्रजी वाचता येत नसूनही आठवड्याभरात थांबे पाठ झाले. लोक समुद्रावर लाटांवर खेळायच्या फळ्या घेऊन चढतात आणि त्या ठेवायला आत खास जागा केलेली आहे.

आता पैशांचं, कारण आपल्याकडचा माणूस तिथे आधी डॉलरचे रुपये करतो आणि मग घरातच बसतो. क्वीन्सलँड राज्यात ५ ऑगस्ट २०२४ पासून बस, रेल्वे, ट्राम, बोट सगळ्याला सरसकट पन्नास सेंट तिकीट आहे. आधी सहा महिने करून पाहिलं आणि मग कायम केलं. पन्नास सेंट म्हणजे तीस रुपयांच्या आसपास. दोन थांबे जा किंवा हेलेन्सवेलहून रेल्वेने तासाभराच्या ब्रिस्बेनला जा, तिकीट तेच. फक्त ब्रिस्बेन विमानतळाला जाणाऱ्या-येणाऱ्या रेल्वेचं तिकीट वेगळं आणि महाग आहे, ते आधी धरून चालावं. कागदी तिकिटाची गरज नाही. बँकेचं टेकवायचं कार्ड किंवा तिथलं गो कार्ड चालतं. ट्रामला फलाटावरच्या यंत्राला टेकवायचं, बसला आत शिरताना. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, आणि उतरल्यावरही टेकवायचं, हे विसरू नये. वाहक नाही, अधूनमधून तपासनीस येतात. माझ्या पोटापाण्याचा धंदा त्या खांबावरच्या यंत्राने घेतलेला बघून पहिल्या दिवशी पोटात कालवलं, हे खरं सांगतो.

स्वस्त तिकिटाने माणूस घराबाहेर पडतो हे आपल्यालाही नवं नाही. १७ मार्च २०२३ ला एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं आणि माझ्याबरोबरचे जे अजून नोकरीत होते ते सांगायचे, की माहेरी दिवाळीलाच जाणाऱ्या बाया आता महिन्याला जातात. पंच्याहत्तरीपुढच्यांना तर त्याआधीच मोफत झालं होतं.

ब्रॉडबीच साउथला उतरून दक्षिणेकडे ७०० नंबरची बस. इथे माझी एक चूक झाली, ती इतरांची होऊ नये. तिसऱ्या दिवशी आम्ही रीतसर खांबाशी उभे, बस आली आणि न थांबता निघून गेली. सौ. उन्हात, पुढची गाडी पंधरा मिनिटांनी. मी मनातून चालकावर फार चिडलो. रात्री मुलीने सांगितलं, बाबा, इथे हात करावा लागतो, नाहीतर चालकाला वाटतं तुम्ही दुसऱ्या बससाठी थांबलात. "हात दाखवा, एसटी थांबवा" हे ज्याने स्वतः वर्षानुवर्षं पाळलं त्याला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून लांबून हात करायचो. उतरायच्या आधी बटण दाबायचं. आणि उतरताना चालकाला "थँक यू" म्हणायचं. शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे म्हणतात. ३१ वर्षांत मला किती जण म्हणाले ते मी सांगू शकतो, त्यामुळे हे माझ्या मनात घर करून राहिलं.

त्याच बसमध्ये मी जे बघितलं त्यासाठी खरं तर पेन उचललं. एका थांब्यावर चाकाच्या खुर्चीत एक बाई एकट्या. बस थांबली आणि फुस्स करून फुटपाथच्या बाजूने खाली झुकली, बैल गुडघ्यावर बसावा तशी. चालक जागेवरून उठला, दरवाजातली घडीची फळी उलटून फुटपाथवर टाकली. बाई स्वतःच चाकं फिरवत वर आल्या, त्यांच्यासाठी राखलेल्या जागेत मागे सरकून थांबल्या. चालकाने फळी उचलली आणि गाडी हलली. मी घड्याळ लावलं होतं: सव्वा मिनिट. मागच्या एकाही गाडीने हॉर्न दिला नाही, आतल्या एकानेही वैतागून श्वास सोडला नाही. सहा थांब्यांनंतर पुन्हा तेच, आणि बाई उतरून त्यांच्या रस्त्याने गेल्या. बरोबर कुणी नाही. आमच्या गल्लीत पोलिओने पाय गेलेली एक मुलगी आहे, बी.कॉम. झालेली. तिला नोकरीच्या मुलाखतीला जायचं तरी भावाला रजा काढावी लागते. सव्वा मिनिटात तिची आठवण झाली नाही असं कसं होईल?

बघायचं म्हणाल तर आमच्या वयाच्या माणसाने बर्लीला अर्धा दिवस द्यावा. समुद्रात शिरलेली टेकडी आहे, आपल्या केवड्याच्या जातीची झाडं, गवतावर सावली. जून ते नोव्हेंबर देवमासे जातायेताना दिसतात. आम्हाला दोनदा पाण्याचा फवारा आणि एकदा काळी पाठ दिसली. सौ. त्या दिवशी घरी येईपर्यंत फारसं बोलली नाही. साउथपोर्टचं ब्रॉडवॉटर हे शांत पाणी आहे, ज्यांना लाटांची धास्ती त्यांनी तिथे पाय बुडवावेत. ३२२ मीटरच्या क्यू वन इमारतीवरून सगळं शहर दिसतं, पण तिकीट चांगलंच बसतं. नाही गेलं तरी काही अडत नाही. ७०० नंबर शेवटी कूलनगट्टा ओलांडून ट्वीड हेड्सला जाते, आणि तिथे एका रस्त्याच्या मधून दोन राज्यांची हद्द आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून पलीकडचं राज्य घड्याळ तासभर पुढे करतं, अलीकडचं करत नाही. रस्ता ओलांडला की अकराचे बारा. वेळापत्रकावर ज्याचा जन्म गेला त्याने ते एकदा तरी बघावं.

समुद्रात मात्र लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरावं. एका सकाळी जीवरक्षक आला, दोन्ही झेंडे उपटले आणि शंभरेक पावलं पलीकडे रोवले. आम्हाला कळेना, कारण सोडलेल्या जागी पाणी जास्त शांत दिसत होतं. मुलीने सांगितलं, लाट फुटत नाही तिथेच पाणी आतल्या आत समुद्राकडे ओढतं. कोकणात जाणाऱ्या आपल्या पोरांना हे एवढं तरी शिकवून ठेवावं. आणखी एक: चिवडा, लाडू, मसाले नेत असाल तर विमानातल्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत असं खरं लिहावं. लपवलं की दंड.

तिथे सगळं सुरळीत आहे असंही नाही. ब्रॉडबीचपासून बर्लीपर्यंत ट्राम वाढवायचं काम चालू असल्याने रस्ता जागोजाग खोदलेला होता, दुकानदार कुरकुरत होते. त्याच्यापुढे विमानतळापर्यंत न्यायचा बेत राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये रद्दच केला. त्यावरून शेजारीपाजारी दोन तट होते.

पण एक गोष्ट नाशिककरांनी नीट ऐकावी. ही ट्राम जुलै २०१४ ला सुरू झाली तेव्हा रुग्णालयापासून ब्रॉडबीचपर्यंतच होती. एप्रिल २०१८ मध्ये त्या शहरात राष्ट्रकुल स्पर्धा होत्या. त्यासाठी ती हेलेन्सवेलच्या रेल्वेला जोडली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे स्पर्धेच्या चार महिने आधी, लोक तिच्यातून जाऊ लागले. स्पर्धा बारा दिवसांत आटोपली. आम्ही सात वर्षांनी त्याच रुळावरून भाजी आणायला जात होतो.

आपल्याकडे २ ऑगस्ट २०२७ ला सिंहस्थाचं पहिलं अमृत स्नान आहे. मी २००३ चा आणि २०१५ चा, दोन्ही सिंहस्थ ड्युटीवर काढले. २०१५ ला बाहेरच्या वाहनतळावरून भाविक आणायच्या फेऱ्या मला लागल्या होत्या. पहाटे साडेतीनला परभणीकडच्या एक आजी, डोक्यावर गाठोडं, पायात चप्पल नाही. मागून रेटा. मी दंड धरला, त्यांचा पाय पायरीवरून दोनदा घसरला. "थांब रं बाळा, थांब," एवढंच म्हणत होत्या. मी थांबलो, पण रांग थांबेना. तिसऱ्या वेळी मी आणि एका पोलिसाने त्यांना अक्षरशः उचलून आत घेतलं. त्यांच्या नडगीला खरचटून रक्त आलं होतं. रामकुंडावर जायला निघालेल्या माणसाची सुरुवात अशी व्हावी, हे मला तेव्हाही लागलं होतं. तेव्हा वाटायचं, गर्दी म्हटल्यावर एवढं चालायचंच. आता तसं वाटत नाही.

मी ट्राम मागत नाही. नाशिकच्या टायरवरच्या मेट्रोसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटींची घोषणा झाली होती, तिची वाट बघत पाच वर्षं गेली. मला हवंय ते फार लहान आहे. सिंहस्थासाठी थांबे बांधले जाणारच आहेत. ते बांधताना फलाटाची उंची बसच्या तळाइतकी धरा. या निमित्ताने ज्या नव्या बस येतील त्या खालच्या तळाच्या आणि घडीच्या फळीच्या घ्या. थांब्याचं नाव मराठीत पुकारलं जाऊ दे. आणि चालकाला बस थांब्याला चिकटवून लावता यावी म्हणून तिथे रिक्षा, हातगाडी उभी राहणार नाही एवढं बघा, कारण बस दोन हात लांब थांबली की वरचं सगळं वाया जातं. मांडव काढतात तसे हे थांबे सिंहस्थानंतर उखडू नका.

सगळीकडे एकदम होणार नाही हे मला कळतं. निमाणी ते नाशिकरोड हा एक मार्ग आधी घ्यावा. पंचवटी, सीबीएस, द्वारका, रेल्वे स्टेशन, सगळे त्यावर येतात, आणि भाविकही त्याच वाटेने जाणार आहेत. कुठल्या थांब्यावर किती वयस्कर चढतात, किती वेळ लागतो, याची मोजणी करायला माणसं लागतील. मी येईन. माझ्याबरोबर निवृत्त झालेले आणखी चौघे वाहक यायला तयार आहेत, त्यांना विचारूनच हे लिहितो आहे. पहाटेच्या फेरीलाही आम्ही उभे राहू.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी वाहक
पंचवटी, नाशिक