लहान रायफलीची दुर्बीण निवडताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत नेमबाजीच्या साहित्याविषयी लेख आला होता. त्यात रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीबद्दल, म्हणजे ज्याला आता सगळेच स्कोप म्हणतात त्याबद्दल, मोठ्या काचेची आणि जास्तीत जास्त मॅग्निफिकेशनची, म्हणजे लक्ष्य जास्तीत जास्त पट मोठे दाखवणारी, दुर्बीण घ्यावी असा सल्ला दिला आहे. हा सल्ला लांब पल्ल्याच्या जड रायफलीला लागू पडेल, पण आपल्या परभणी, हिंगोली, बीड भागात लोकांच्या हातात जी हलकी पॉइंट टू-टू (०.२२ इंच गोळीची) किंवा छर्ऱ्याची रायफल असते तिला तो लागू पडत नाही. लेख वाचून तीन पालक माझ्याकडे विचारायला आले, आणि त्यांपैकी एकाने दुर्बिणीची आगाऊ रक्कमही भरून टाकली होती, म्हणून हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले. मी शाळेत शिक्षक होतो आणि बरीच वर्षे एन.सी.सी.च्या मुलांना पॉइंट टू-टू रायफल शिकवत होतो.

आमच्याकडे जुन्या वाड्यांमधून पॉइंट टू-टूला सशा-तितराची रायफल म्हणत. १९७२चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला तेव्हा त्यात लहान शिकारीसाठी वेगळ्या परवान्याची तरतूद होती. १९९१च्या दुरुस्तीने ती काढून टाकली, आणि ते योग्यच झाले. ससा आणि तितर आता कायद्याच्या संरक्षणात आहेत, पण परवान्यावर चालत आलेल्या त्या रायफली काही घरांत अजून आहेत आणि त्या रेंजवर कागदावर चालवता येतात. ज्या देशांत खारी आणि सशांची शिकार आजही कायदेशीर आहे, तिथे याच रायफलीला कोणती दुर्बीण लावावी याचा अनुभव पुष्कळ साठलेला आहे. अंतर कमी, रायफल हलकी आणि लक्ष्य लहान या तिन्ही गोष्टी कागदावरच्या नेमबाजीतही तशाच राहतात, त्यामुळे तो अनुभव आपल्याही उपयोगाचा आहे.

प्रथम एक गोष्ट, जी पालकांना दुकानात कोणी सांगत नाही. आपला मुलगा किंवा मुलगी १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत उतरणार असेल, तर दुर्बीण घेऊच नका. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे रायफलीच्या या स्पर्धांत दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे गोल कडीची माशी, एवढ्यावरच नेम धरायचा असतो. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळवले ते असेच, आणि २०२४ साली पॅरिसला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत) कांस्यपदक मिळवले तेही असेच. त्या पदकानंतर मराठवाड्यातल्या पालकांचा उत्साह वाढला याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच त्यांचे पैसे चुकीच्या वस्तूवर जाऊ नयेत असे वाटते.

उरले ते रेंजवर पॉइंट टू-टू चालवणारे, आणि स्वतःच्या जागेत मागे मातीचा भक्कम बांध घालून छर्ऱ्याच्या बंदुकीने, म्हणजे एअर रायफलीने, कागदावर सराव करणारे. यांना दुर्बीण उपयोगी आहे, विशेषतः चाळिशीनंतर, जेव्हा नेम धरायची मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसेनाशा होतात. दुर्बिणीत फुलीच्या रेषा आणि लक्ष्य एकाच पातळीवर दिसतात, हा तिचा खरा फायदा आहे आणि लक्ष्य मोठे दिसणे त्याच्या पुष्कळ मागे येते.

आता वजनाकडे येतो. एन.सी.सी.ची पॉइंट टू-टू डिलक्स रायफल साधारण पावणेतीन किलोची आहे. तिच्यावर ५० मिलिमीटर काचेची, सोळापट मोठे दाखवणारी दुर्बीण तिला रायफलीवर धरणाऱ्या रिंगांसह चढवली तर सहाशे ग्रॅमच्या वर वजन वाढते, म्हणजे रायफलीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक, आणि तेही नळीच्या वर, उंचावर. रायफल हातात डोलू लागते. शिवाय एवढी मोठी काच नळीला लागू नये म्हणून रिंगा उंच घ्याव्या लागतात. मग गाल दस्त्यावर टेकत नाही, मान उचलावी लागते, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची तर प्रत्येक गोळीला मान वेगळ्या जागी येते. याउलट चारपट मोठे दाखवणारी, ३२ मिलिमीटर काचेची, साधी दुर्बीण पावशेर ते तीनशे ग्रॅममध्ये मिळते आणि खाली, नळीच्या जवळ बसते.

पण वजनापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा पॅरालॅक्सचा आहे, आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नव्हता. जुळणी बदलता न येणारी प्रत्येक साधी दुर्बीण कारखान्यातून एका ठरावीक अंतरासाठी जुळवून येते. मोठ्या रायफलीसाठी बनवलेल्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांना (सुमारे ९१ मीटर), पॉइंट टू-टूसाठी बनवलेल्या बहुधा ५० ते ६० यार्डांना जुळवलेल्या असतात. त्या अंतरापेक्षा लक्ष्य फार जवळ असेल तर डोळा काचेच्या मध्यापासून थोडा जरी सरकला तरी फुली लक्ष्यावरून सरकते; रायफल मात्र जागेवरून हललेली नसते. यालाच पॅरालॅक्स म्हणतात. ही चूक किती मोठी असू शकते याचा हिशेब साधा आहे: समोरच्या काचेचा निम्मा व्यास घ्यायचा, जुळवलेले अंतर आणि प्रत्यक्ष अंतर यांच्यातल्या फरकाने त्याला गुणायचे आणि जुळवलेल्या अंतराने भागायचे. ३२ मिलिमीटर काचेची, १०० यार्डांना जुळवलेली दुर्बीण १० मीटरवर वापरली तर डोळा अगदी कडेला असताना सुमारे १४ मिलिमीटर चूक येते. १० मीटरच्या कागदावर १४ मिलिमीटर म्हणजे दहाच्या जागी पाच गुण. हीच दुर्बीण ५० मिलिमीटर काचेची असेल तर चूक २२ मिलिमीटरच्या पुढे जाते.

या हिशेबातून जे निष्पन्न होते ते मला सर्वांत अधिक सांगायचे आहे. समोरची काच जितकी लहान, तितकी पॅरालॅक्सची चूक लहान. लहान काचेची दुर्बीण हलकी असते, स्वस्त असते, खाली बसते आणि जवळच्या अंतरावर चुकतेही कमी. लांब पल्ल्याला मोठी काच हवी, कारण तिथे मोठे मॅग्निफिकेशन लागते आणि प्रतिमा उजळ राहावी लागते. काचेचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन केले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी कळते. चारपट आणि ३२ मिलिमीटर असेल तर हा झोत ८ मिलिमीटरचा होतो, आणि माणसाची बाहुली पूर्ण अंधारातसुद्धा सात मिलिमीटरच्या आसपासच उघडते. आपल्या उन्हात तर ती दोन-तीन मिलिमीटरवर येते. म्हणजे दिवसा सराव करणाऱ्याला ३२ची काचसुद्धा गरजेपेक्षा मोठीच आहे.

म्हणून घरी चारपट, ३२ मिलिमीटरची दुर्बीण असलेल्यांना माझा एक बिनखर्ची उपाय आहे. समोरच्या काचेवर बसेल असे जाड काळ्या पुठ्ठ्याचे झाकण करून त्याला बरोबर मध्यावर १६ मिलिमीटरचे गोल भोक पाडावे. पॅरालॅक्सची चूक निम्मी होते, झोत ४ मिलिमीटरचा राहतो आणि दिवसा प्रतिमेत फरक जाणवत नाही. काही जण पुढची कडी सोडवून काच फिरवतात आणि दुर्बीण जवळच्या अंतराला जुळवून घेतात. तसे करण्याने आत भरलेला नायट्रोजन निघून जातो आणि पावसाळ्यात काचेवर आतून वाफ धरते, तेव्हा ते टाळावे. खर्च परवडत असेल तर १० यार्डांपासून पुढे जुळवता येणारी, समोर फिरती कडी असलेली दुर्बीण घ्यावी. तिचे वजन थोडे अधिक असते, पण छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी ते वजन सार्थकी लागते.

छर्ऱ्याच्या बंदुकीबद्दल मात्र वेगळी सूचना द्यायला हवी, कारण इथे माझ्या घरातच नुकसान झाले आहे. नातवाच्या स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी मी शहरातल्या एका दुकानातून तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, ४० मिलिमीटरची दुर्बीण आणली. कोणत्याही बंदुकीला चालते, असे दुकानदाराने सांगितले. शेसव्वाशे छर्रे होईपर्यंत ती बरी चालली आणि मग छर्रे कागदभर पसरू लागले. पंधरा दिवस मी त्या मुलाला चाप झटकतोस म्हणून बोलत राहिलो. शेवटी दुर्बीण उतरवून कानाशी हलवली तेव्हा आत काहीतरी सुटे झाल्याचा आवाज आला. मुलाची काहीच चूक नव्हती, आणि त्या पंधरा दिवसांत त्याचा जो विरस झाला त्याचे मला आजही वाईट वाटते.

याचे कारण असे की, पॉइंट टू-टूचा धक्का हलका आणि एकाच दिशेने, मागे येतो. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा बंदूक आधी मागे सरकते आणि दट्ट्या टोकाला जाऊन थांबला की ती लगेच पुढे झटका खाते. साध्या दुर्बिणीच्या आतल्या काचा आणि फुली मागच्या धक्क्यासाठी बांधलेल्या असतात. पुढचा झटका त्या सोसत नाहीत, मग दुर्बीण कितीही महाग असो. म्हणून अशा बंदुकीसाठी डब्यावर एअरगनसाठी असल्याचे स्पष्ट लिहिलेली दुर्बीणच घ्यावी आणि तिला रायफलीवर धरणारा माउंट अखंड, खाली अडकवण्याची खुंटी असलेला घ्यावा, नाहीतर दुर्बीण रायफलीवरच्या माउंटच्या खाचेवरून हळूहळू मागे सरकते. अशा बहुतेक रायफलींवर ही खाच ११ मिलिमीटरची असते. माउंट त्याच मापाचा हवा.

दुकानातच करता येईल अशी तपासणीही आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याला व्हीच्या आकाराच्या दोन खाचा पाडून त्यात दुर्बीण स्थिर ठेवावी, रायफलीची गरज नाही. ज्या अंतरावर आपण सराव करतो तेवढ्या अंतरावरच्या एखाद्या पाटीच्या अक्षरावर फुली आणावी आणि दुर्बिणीला हात न लावता डोळा डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हलवावा. फुली अक्षरावरून घरंगळत गेली तर ती दुर्बीण त्या अंतराची नाही. पुढची तपासणी रेंजवर, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून करायची: एक फैर झाडून दुर्बिणीवरच्या फिरकीने फुली वीस खटके उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली अशी फिरवावी आणि प्रत्येक वळणाला गोळ्या झाडाव्यात, शेवटची गोळी पहिल्या भोकाशी आली पाहिजे. नेहमीच्या पाव मिनिटाच्या (हे मिनिट कोनाचे, एका अंशाचा साठावा भाग) खटक्याने २५ मीटरवर गोळी पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास सरकते, तेव्हा चौकोनाची बाजू साडेतीन सेंटिमीटरच्या जवळपास यायला हवी. खटके फिरवूनही गोळी न हलणाऱ्या आणि मग एकदम उडी मारणाऱ्या दुर्बिणी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पावती घ्या आणि परत करण्याची मुदत आधीच ठरवून घ्या.

मॅग्निफिकेशनबद्दल थोडक्यात लिहितो. २५ मीटरला चारपट पुरते. ५० मीटरला दोन ते सात पटीची हलकी दुर्बीण असेल तर उत्तम. वैशाख-ज्येष्ठात आपल्याकडे सकाळी दहानंतर जमिनीतून जी धग उठते, तिच्यात बारापटीला लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखे हलते आणि सोबत स्वतःच्या नाडीचे ठोकेही दिसतात. मूल ते ठोके पाहून घाबरते आणि चाप ओढून टाकते.

काही शेतकरी बांधव मला विचारतात की दुर्बीण लावली तर छर्ऱ्याने रानडुकराला मारता येईल का. त्यांच्या सोयाबीनचे आणि हरभऱ्याचे नुकसान मी डोळ्यांनी पाहिले आहे, पण उत्तर नाही असेच आहे: वन विभागाच्या परवानगीशिवाय तो गुन्हा आहे, आणि छर्ऱ्याने ते जनावर मरत नाही, जखम कुजत हिंडते. त्यासाठी अधिक ताकदीची बंदूक शोधणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागतो.

आपल्या पुरवणीत पुन्हा दुर्बिणींचा तक्ता छापला जाईल तेव्हा किंमत आणि मॅग्निफिकेशन यांच्याबरोबर वजन, समोरच्या काचेचा व्यास आणि पॅरालॅक्स किती अंतराला जुळवलेला आहे, हे तीन रकाने कृपया वाढवावेत. ही माहिती डब्यावर किंवा सोबतच्या पत्रकात बहुधा असते. ज्या पालकांनी आगाऊ रक्कम भरली होती, त्यांनी ती परत मागितली आहे आणि मुलीसाठी पीप साइटची चौकशी सुरू केली आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, परभणी