अन्न व औषध प्रशासन मंत्री महोदयांस खुले पत्र : बाळांना खोकल्याचे औषध कुणीही, कसेही देणार का?

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

चोपडा तालुक्यातील आमच्या गावी गेल्या आठवड्यात माझ्या दीड वर्षाच्या नातीला सर्दी-खोकला झाला आणि औषध दुकानदाराने चिठ्ठी न मागता क्लोरफेनिरामाइन (अ‍ॅलर्जीवरचे, गुंगी आणणारे औषध) व फिनाइलएफ्रिन (चोंदलेले नाक मोकळे करणारे औषध) यांच्या मिश्रणाचे थेंब दिले. रात्री ती इतकी गुंगली की हाका मारूनही डोळे उघडेना. जळगावला पोहोचेपर्यंत तिची आई तिच्या छातीवर हात ठेवून बसली होती आणि मी गाडीत काहीही करू शकत नव्हतो. नात वाचली, पण ती रात्र आमच्या घरातून अजून गेलेली नाही.

हे मिश्रण 4 वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला होता. बाटलीवर ती ओळ आहे. मात्र बारीक इंग्रजीत, जी माझी सून वाचू शकत नाही. ही सूचना नेमकी कोणासाठी छापली, साहेब?

डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकल्याची उबळ दाबते, अँब्रॉक्सॉल कफ पातळ करते, साल्ब्युटामॉल आकसलेल्या श्वासनलिका मोकळ्या करते. कफाने छाती भरलेल्या बाळाची उबळच दाबली, तर तो कफ बाहेर यावा कसा? खोकला दाबणारे कोडीन तर 12 वर्षांखालील मुलांना देऊच नये, कारण काहींच्या शरीरात त्याचे मॉर्फिन झपाट्याने बनून श्वास मंदावतो. आमच्याकडे वय, वजन, खोकला कोरडा की ओला, यांपैकी काहीही विचारले जात नाही.

1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले आणि चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या मुलांना दिलेल्या सिरपमध्ये तेच विष 48.6 टक्के निघाले, मर्यादा 0.1 टक्का आहे. त्यांतील काही मुलांनी आपल्याच नागपुरात प्राण सोडले. प्रत्येक वेळी आधी माणसे मरतात आणि नंतर तुमची यंत्रणा जागी होते. हजाराच्या आतील वस्तीच्या गावांत खोकल्याची सिरपे विनापरवाना विकण्याची सवलत 1945 च्या औषध नियमांत घातली गेली, तेव्हा धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील लेकरांचा विचार कोणी केला होता?

वयाची मर्यादा बाटलीवर मराठीत, ठळक अक्षरांत छापून घ्या. लहान मुलांची औषधे चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या जळगाव, धुळे, नंदुरबारमधील दुकानांची तपासणी करा. ‘चौकशी सुरू आहे’ हे उत्तर मला नको. कोणत्या दुकानांवर कोणती कारवाई झाली, ते लेखी कळवा.

आपला,
एक आजोबा, ता. चोपडा, जि. जळगाव