आधी कागद, मग घमेलं

ठाणे, रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

नेरूळच्या रो-हाउसचं काम ठेकेदार न नेमता स्वतःच उभं राहून करून घेणार म्हणालास, बरं वाटलं. गवंडी, प्लंबर तू जमवशील. पण घमेलं उचलायच्या आधी कागद हातात असू दे.

लाद्या, रंग, आतलं प्लास्टर यांना परवानगी लागत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याचं कलम ४३ तेवढी मोकळीक देतं. तुला वर बांधायची आहे ती खोली मात्र नवं बांधकाम, मग ती कितीही ‘छोटीशी’ असो. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला सोय आहे: नकाशा, मालकीचे कागद दिले, शुल्क भरलं की मिळणारी पोच हीच परवानगी. पण जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीची आहे, आपल्याकडे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. तो करार काढून अटी वाच आणि सिडकोचा ना हरकत दाखला लागेल का, हे महापालिकेत जायच्या आधीच विचारून घे. रीतसर मंजुरी घ्यावी लागली तर ती एका वर्षाची असते. स्वतः करणाऱ्याचं काम रेंगाळतंच, तेव्हा मुदतवाढ वेळेत घे. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधलेलं वापरायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला. लोक नेमके तिथेच कंटाळतात.

स्वयंपाकघराची भिंत मिस्त्री हातोडीने टकटक करून बघेल आणि म्हणेल, “पडदीच आहे साहेब, काढून टाकू.” त्याचं ऐकू नकोस. वरून तुळई येते का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर बघेल, त्याच्याकडून लेखी घे. शेजाऱ्यांशी सामाईक भिंतीला तर त्यांना विचारल्याशिवाय छिन्नीही लावायची नाही.

तू दुसरीत असताना कळव्याला मागच्या ओट्यावर मी खोली काढली होती. सगळ्यांनी काढल्यात, मग आपण का नको, एवढाच माझा अभ्यास. आठ महिन्यांत त्याच कायद्याच्या कलम ५३ ची, विनापरवाना बांधकाम पाडायची नोटीस आली. ज्या मिस्त्रीने बांधली त्यालाच बोलावून पाडली. त्या दिवशी त्याने चहासुद्धा घेतला नाही. राडारोडा गोणीत भरून टाकायचे पैसे वेगळे गेले.

खिडकीची सागवानी चौकट तुझ्या आईने तेवढी पडू दिली नाही. अजून माळ्यावर आहे, साडेतीन बाय चार. तुझी पोच हातात आली की सांग, टेम्पोने पाठवतो. नकाशात खिडकीचं माप त्याप्रमाणे धरता येतं का, बघ.

तुझा,
बाबा