खाटेजवळची नोंद चुकू नये म्हणून : रुग्ण कल्याण समितीचे आवाहन

मे २०२१

तालुक्यातील बंधू-भगिनींनो, आणि कामानिमित्त मुंबई-पुण्यात, परदेशात असलेल्या आपल्या माणसांनो,

सप्रेम नमस्कार.

आपल्या उपजिल्हा रुग्णालयाच्या कोविड विभागातील पन्नासही खाटा एप्रिलपासून भरलेल्या आहेत. ऑक्सिजनसाठी, खाटांसाठी गावोगावची मंडळी धावून आली, अजूनही येत आहेत. आज समिती मागते आहे ती मदत थोडी वेगळी आहे. दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाची तब्येत दर चार तासांनी मोजली जावी, कागदावर उतरावी आणि बिघाड दिसताच डॉक्टरांना कळावा, यासाठी आम्हाला माणसे हवीत, काही साधी उपकरणे हवीत आणि पैसे हवेत.

हिशोब असा. एका रुग्णाची पूर्ण नोंद म्हणजे रक्तातील ऑक्सिजनची पातळी, ऑक्सिजन किती लिटरने चालू आहे, श्वासाचा वेग, नाडी, रक्तदाब, ताप आणि रुग्ण शुद्धीवर आहे का, नीट बोलतो का. हात निर्जंतुक करणे, यंत्र पुसणे आणि लिहिणे धरून पाच मिनिटे लागतात. पन्नास रुग्ण, दिवसातून सहा वेळा, म्हणजे ३०० नोंदी आणि २५ तास. आठ तासांच्या एका पाळीत १०० नोंदी, म्हणजे आठ तास वीस मिनिटे. एका परिचारिकेने इंजेक्शन, सलाइन, सिलिंडर, नवीन दाखल रुग्ण असे काहीही न करता फक्त मोजत राहिले तरी पाळी पुरत नाही. त्यात पीपीई किट घालून सलग चार तासांपेक्षा जास्त काम होत नाही. मग व्हायचे तेच होते : सकाळची नोंद पूर्ण, दुपारची अर्धी, आणि रात्री दोन वाजताची रकान्यात अंदाजाने भरलेली.

या आजारात नेमकी तीच नोंद महाग पडते. न्यूमोनिया झालेल्या रुग्णाला एरवी धाप लागते, तो कासावीस होतो, जवळच्यांना कळते. कोविडमध्ये अनेकांना तसे काहीच जाणवत नाही. रुग्ण फोनवर बोलत असतो आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र (ऑक्सिमीटर) लावले तर आकडा ८४ टक्के. विचारले तर "बरे वाटते" असेच सांगतो, आणि ते खोटेही नसते. म्हणून विचारून भागत नाही, मोजावेच लागते.

मोजण्यात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे श्वासाचा वेग. त्याला यंत्र लागत नाही, घड्याळ लागते आणि पूर्ण एक मिनिट लागतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. रुग्णाला "श्वास मोजतो आहे" असे सांगितले की तो नकळत श्वास बदलतो, म्हणून मनगट हातात धरून नाडी पाहत असल्यासारखे ठेवायचे आणि छाती-पोटाकडे बघून मोजायचे. घाईच्या वॉर्डात सगळ्यांच्या कागदावर "२०" लिहिलेले दिसते, ते मोजलेले नसते. सरकारी उपचार मार्गदर्शिकेनुसार मिनिटाला २४ किंवा जास्त श्वास, अथवा बाहेरून ऑक्सिजन न देता पातळी ९० ते ९३, म्हणजे मध्यम आजार. ३० हून जास्त श्वास किंवा पातळी ९० च्या खाली, म्हणजे गंभीर. उपचार या रेषांवर ठरतात, त्यामुळे अंदाजाने लिहिलेला एक आकडा उपचारच चुकवतो.

नोंदीच्या तक्त्यासाठी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची, २०१७ मध्ये सुधारलेली 'न्यूज-२' ही गुणपद्धत (बिघाड जितका जास्त तितके गुण जास्त) घेतली आहे. समजा श्वास २४ (२ गुण), ऑक्सिजन पातळी ९३ (२), ऑक्सिजन लावलेला आहे (२), नाडी १०४ (१), ताप १०१ फॅरनहाइट (१), वरचा रक्तदाब १२४ आणि पूर्ण शुद्धीवर (शून्य). बेरीज ८. पाच झाले की डॉक्टरांना तातडीने बोलावायचे. सात आणि पुढे आणीबाणी. मूळ तक्ता सेल्सिअसमध्ये आहे आणि आपल्याकडे थर्मामीटर फॅरनहाइटचे, त्यामुळे छापताना दोन्ही आकडे शेजारी घेतले आहेत.

या पद्धतीत एक उणीव आहे आणि ती जाणूनच ती वापरावी लागते. ऑक्सिजन दोन लिटरने चालू असो की पंधरा, गुण दोनच मिळतात. सकाळी दोन लिटरवर ९५ आणि संध्याकाळी बारा लिटरवर ९५ : बेरीज तीच, पण रुग्ण कितीतरी खालावलेला. म्हणून आपल्या तक्त्यात पातळीशेजारी प्रवाह आणि साधन (नळी, साधा मास्क की पिशवीचा मास्क) यांचा वेगळा रकाना आहे, आणि चार तासांत प्रवाह वाढवावा लागला तर बेरीज काहीही असली तरी डॉक्टरांना कळवायचे आहे.

दुसरी धोक्याची वेळ शौचालयाची. रुग्ण मास्क काढून वीस पावले चालत जातो, कडी लावतो, जोर करतो; परत येईपर्यंत पातळी वीसेक अंकांनी खाली आलेली असू शकते. लाजेपोटी बहुतेक जण खाटेवरचे भांडे नको म्हणतात, आणि ती लाज समजण्यासारखी आहे. त्यासाठी हवेत : चाकांच्या ८ कमोड खुर्च्या, ५० युरिन पॉट, २० बेडपॅन, आडोशाचे १० पडदे आणि ट्रॉलीसह ६ बी टाइप सिलिंडर. बी टाइपमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो, दहा लिटरच्या प्रवाहाने अडीच तास. शौचालयापर्यंत जाण्याला, एक्स-रेला नेण्याला तेवढा पुरतो. जम्बो सिलिंडर (सुमारे ७,००० लिटर) या कामाला अवजड आहे, कृपया तो यासाठी देऊ नका.

साखरेबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना स्टेरॉइड दिले जाते आणि त्याने जीव वाचतात. पण त्याने साखर वाढते, मधुमेह नसलेल्यांचीही. औषध सकाळी दिले की साखर दुपारनंतर चढते आणि पहाटेपर्यंत उतरते. फक्त उपाशीपोटी तपासले तर सगळे ठीक दिसते. अशी न दिसलेली, न आटोक्यात आणलेली साखर म्युकरमायकोसिसला (काळ्या बुरशीच्या आजाराला) वाट करून देते. म्हणून न्याहारी, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण यांच्या आधी आणि झोपताना अशा चार वेळा तपासणी हवी. एका वेळी ३० रुग्ण स्टेरॉइडवर धरले तर रोज १२०, महिन्याला साखर तपासण्याच्या ३,६०० पट्ट्या : ५० च्या ७२ डब्या. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या ग्लुकोमीटरमध्ये चालत नाही. त्यामुळे घेण्याआधी मदत कक्षात विचारा, आणि मुदत संपायला किमान तीन महिने बाकी आहेत हे डबीवर पाहा. बोटाला साखर, केळे किंवा सॅनिटायझर लागलेला असला तरी आकडा चुकतो. बोट पाण्याने धुऊन कोरडे करायचे, हे नातेवाइकांनीही लक्षात ठेवावे.

ऑक्सिमीटर ३० हवेत. घरातला आजार बरा होऊन कपाटात पडलेला असेल तर तोच द्या, नवा घेऊ नका. सोबत ट्रिपल-ए सेल द्या. सेल उतरले की आकडा भरकटतो. आलेले प्रत्येक यंत्र एकाच माणसाच्या बोटावर वॉर्डातील मॉनिटरशी ताडून पाहू आणि तीनपेक्षा जास्त फरक असेल तर परत करू, राग मानू नये. थंड बोट, नेलपॉलिश, गडद मेंदी, हलणारा हात यांमुळे आकडा चुकतो. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गडद त्वचेवर यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते असे आढळले. म्हणून एका आकड्यावर न विसंबता तो चढतो की उतरतो हे पाहायचे. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या ॲपवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका.

नातेवाइकांकडून एक मदत बिनपैशाची आहे. पहिले लक्षण कोणत्या दिवशी दिसले ती तारीख लिहून आणा. अहवाल आला तो दिवस नव्हे. कणकण, घसादुखी, अंगदुखी सुरू झाली तो दिवस. प्रकृती बिघडते ती बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान, आणि दिवस चुकीचा मोजला तर नेमक्या त्या काळात रुग्णाला घरी सोडले जाऊ शकते. सोबत चालू गोळ्यांची पाकिटे आणा, आणि जो मोबाइल खरोखर उचलला जातो तोच क्रमांक द्या. स्वॅबच्या नळीवर नाव-वय अर्धवट असले की नमुना प्रयोगशाळेतून परत येतो आणि क्रमांक चुकला की अहवाल पोचतच नाही. अँटिजेन निगेटिव्ह आली तरी लक्षणे असतील तर आरटी-पीसीआर करावीच लागते. मनानेच एचआरसीटी (छातीचा सीटी स्कॅन) काढू नका; पहिल्या दोन-तीन दिवसांत तो साफ दिसू शकतो आणि त्या खोट्या दिलाशावर पुढचा आठवडा जातो.

आता माणसे. वॉर्डाच्या आत नोंदी घेण्यासाठी प्रत्येक पाळीला दोन, सुट्टी आणि आजारपण धरून एकूण आठ जण हवेत : निवृत्त परिचारिका, एएनएम-जीएनएम या परिचारिका अभ्यासक्रमांचे विद्यार्थी, आयुर्वेद-होमिओपॅथीचे इंटर्न, सैन्याच्या वैद्यकीय विभागातून निवृत्त झालेले जवान. लसीचे दोन्ही डोस होऊन दोन आठवडे झालेले असावेत. मधुमेह, दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी, गरोदर भगिनींनी आत यायचा आग्रह धरू नये. आत काम करणाऱ्या आठ जणांना मानधन, जेवण आणि राहण्याची सोय समिती करील. वॉर्डाबाहेर सहा जण लागतील. आतील कागद बाहेर येत नाहीत. काचेच्या खिडकीला लावलेल्या फळ्यावरून आकडे उतरवून संगणकात भरणे आणि संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत प्रत्येक घरी एकच फोन करणे, हे त्यांचे काम. हा फोन वेळेवर गेला की दिवसभर दारात ताटकळणारी माणसे घरी थांबू शकतात. कोणत्याही रुग्णाचे नाव, आकडे, फोटो व्हॉट्सॲपवर जाणार नाहीत, असे प्रत्येकाकडून लिहून घेतले जाईल.

किरकोळ गोष्टी : पाच मोठे पांढरे फळे, मार्कर, सेकंदकाटा दिसणारी १० भिंतीवरची घड्याळे, २५ डिजिटल थर्मामीटर, रक्तदाबाची ६ यंत्रे (जाड दंडाला लागणाऱ्या मोठ्या पट्ट्यासह), ह्युमिडिफायरसाठी (ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीसाठी) निर्जंतुक पाणी. नळाचे पाणी त्यात चालत नाही.

रेमडेसिविर, वाफेची यंत्रे, काढे, उघडे खाद्यपदार्थ आणू नका. रेमडेसिविरचे वाटप जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होते, समिती ते कुणाकडूनही स्वीकारणार नाही.

देणगी शक्यतो समितीच्या बँक खात्यात थेट भरावी. खात्याचा तपशील रुग्णालयाच्या फलकावर आणि मदत कक्षात मिळेल. रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. किती आले, कशावर गेले, काय शिल्लक आहे हे दर शनिवारी फलकावर लागेल. या यादीपेक्षा जास्त रक्कम जमली तर ती मानधनासाठी राहील, बांधकामाला किंवा रंगरंगोटीला वापरली जाणार नाही.

मदत कक्ष मुख्य दाराच्या डाव्या हाताला, सकाळी १० ते संध्याकाळी ५, रविवारीही उघडा. स्वयंसेवकांचे प्रशिक्षण दोन तासांचे असून रोज दुपारी ३ वाजता आठ-आठ जणांच्या गटाने होते. येताना लस प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि सेकंदकाटा असलेले मनगटी घड्याळ घेऊन यावे.

आपली,
रुग्ण कल्याण समिती, उपजिल्हा रुग्णालय