तारा कापा, कोपरे टाकू नका

महोदय,

‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून शाळांमध्ये होणारे बरेच प्रकल्प शेवटी नवा कचराच करतात. पुठ्ठ्यावर चमकी, थर्मोकोल आणि गरम गोंद चढला की तो रद्दीतही जात नाही. कागदापासून प्लास्टिक सुटे कोण करणार? त्यापेक्षा कलेच्या तासाला इस्लामी कलेतली भूमिती घ्यावी. तिथे काटकसर आकृतीतच असते.

इराणमधल्या काशानच्या तेराव्या शतकातील फरशा पाहा. आठ टोकांचे तारे आणि त्यांच्या मधल्या जागेत टोकदार फुल्या, बस्स. हे औषधाच्या किंवा टूथपेस्टच्या खोक्यातून करता येते. नालीदार पुठ्ठा घेऊ नये. कात्रीखाली त्याच्या नळ्या दबतात आणि टोके फाटतात. १० सेंमीचा चौरस कापून त्यावर दोन कर्ण आणि दोन मध्यरेषा काढाव्यात. केंद्रातून ५ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढले की रेषांवर आठ बिंदू मिळतात. एकाआड एक बिंदू जोडले की एकमेकांवर तिरपे बसलेले दोन चौरस होतात. प्रत्येकाची बाजू साधारण ७.१ सेंमी भरली पाहिजे. नाही भरली तर कंपास सरकला आहे. आता फक्त बाहेरची कड कापायची. हातात तारा येतो आणि चार कोपरे उरतात.

हे कोपरे मुले हमखास फेकतात, आणि खरा धडा इथेच आहे. चारही कोपऱ्यांचे काटकोन एका बिंदूत आणून मागून कागदाची पट्टी लावली की चार ताऱ्यांच्या मध्ये नेमकी बसणारी फुली तयार होते. एका चौरसातून एक तारा, एक फुली, कातरण शून्य. चौकटीच्या कडेला दोनच कोपरे लागतात, टोकाला एक. तारे छापील बाजूने आणि फुल्या करड्या बाजूने ठेवल्या तर रंगही लागत नाही. मात्र एकाच्या ताऱ्यावरून दुसऱ्याने, त्याच्यावरून तिसऱ्याने गिरवू नये. दर गिरवण्यात १ मिमी वाढला, तर आठवा तारा ७ मिमी मोठा होतो, आठ फरशांच्या ओळीत २८ मिमी वाढतात आणि शेवटचा तारा चौकटीत मावत नाही.

बाटल्यांच्या झाकणांची नक्षी करताना गोंद टाळावा. झाकणे बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनची असतात; त्यांवर नेहमीचा गोंद धरतच नाही. टोच्याने भोक पाडून तारेने ओवावीत. तापलेली सुई नको, धूर होतो. ओळी अर्ध्या झाकणाने सरकवल्या तर सुमारे ९१ टक्के जागा भरते, सरळ चौकोनी मांडणीत ७९. तार कापली की झाकणे पुन्हा सुटी.

अडचणीतून रूप कसे घडते, हे सांगायला स्पेनमधल्या कॉर्डोबाची जुनी मशीद आहे. आठव्या शतकात तिच्यासाठी जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथिक (मुस्लिम राजवटीआधीच्या राज्यकर्त्यांच्या) इमारतींचे खांब वापरले. ते आखूड पडले म्हणून कमानीवर कमान चढवली, आणि आज लोक त्या दुहेरी कमानीच पाहायला जातात. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत (१५५७) दिव्यांची काजळी हवेच्या झोताने एका खोलीत ओढली जाई आणि तिची शाई होई. धूर प्रदूषण की कच्चा माल, यावर वर्गात चांगला वाद घालता येईल.

सुलेखनासाठी कागदही घरचाच हवा. १०० ग्रॅम रद्दी रात्रभर ३ लिटर पाण्यात भिजवून वाटावी. गुळगुळीत मासिके नकोत, त्यांच्यावरच्या मातीच्या लेपाने लगदा कमजोर होतो. दुकानातल्या पावत्याही नकोत, त्यांच्या लेपात रसायने असतात. जाळीवर उचलून वाळवलेला कागद टीपकागदासारखा शाई पितो. म्हणून १० ग्रॅम कॉर्नफ्लोर (मक्याचा पांढरा स्टार्च) २०० मिली पाण्यात शिजवून ती खळ लावावी, वाळवावी आणि गुळगुळीत दगडाने घोटावी. ही पायरी गाळली की बोरूने काढलेले अक्षर पसरते, आणि दोष मुलाच्या हाताला दिला जातो.

एक खबरदारी. या कागदावर कुराणातील आयती किंवा पवित्र नावे लिहून घेऊ नयेत. सरावाचे कागद शेवटी लगद्यात जाणार, आणि असा मजकूर तसा टाकणे अनेक कुटुंबांना मान्य नसते. मुलांनी स्वतःची नावे लिहावीत.

आणि गुण देताना परीक्षकांनी चित्राशेजारी वजनकाटा ठेवावा. ज्याची कातरण कमी, त्याला गुण अधिक.

— एक कलाशिक्षक