विषय: कार्बन रूफ ठीक आहे, त्याच्यावरची तुमची फिल्म पिवळी पडलीये

हे पत्र कस्टमर केअरसाठी नाही, मॅनेजमेंटसाठी आहे. कस्टमर केअरच्या माणसाने आत्ता थोड्या वेळापूर्वी माझं वाक्य अर्धवट असताना फोन ठेवला, त्यामुळे तिकडून मला आता कसलीच अपेक्षा नाही. वॉरंटी कार्ड, रोल नंबर (फिल्म ज्या गुंडाळीतून कापली तिचा नंबर), उन्हातले आणि सावलीतले फोटो सगळं आधीच्या मेलमध्ये आहे, तेच परत पाठवा म्हणू नका.

माझ्या गाडीच्या कार्बन फायबर रूफवर, म्हणजे काळ्या कार्बन धाग्यांच्या विणीच्या टपावर, तुमची पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंग जपणारी फिल्म) लावलेली आहे आणि ती पिवळी पडलीये. काळ्या विणीवर पिवळेपणा पिवळा दिसत नाही, मळकट तपकिरी दिसतो. ट्विल (तिरक्या) विणीची गंमतच ती असते की एका बाजूने बघितलं तर काळी आणि दोन पावलं सरकलं की तीच चंदेरी, ते सगळं गेलं, आता कुठूनही बघा, वर चहा सांडून वाळल्यासारखं दिसतं. शिवाय मागच्या काचेकडची कड सुटायला लागलीये. तुमच्या वॉरंटीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, पिवळी पडणार नाही, तडकणार नाही, कडा सुटणार नाहीत. तीनपैकी दोन गोष्टी माझ्या टपावर झाल्यात.

पहिल्यांदा फोन केला तेव्हा सांगितलं की आत लावतानाचं पाणी राहिलंय, ऊन लागलं की जाईल. अहो, लावल्यानंतर सुरुवातीला थोडा धूसरपणा राहतो आणि काही आठवड्यांत तो सुकून जातो हे मलाही माहितीये, तुमच्याच माहितीपत्रकात आहे. पण पाणी सुकतं तसा डाग कमी होत जातो, हा वाढत गेलाय. आणि पाण्याचा रंग पिवळा नसतो.

मग दुसरं कारण आलं, की कार्बनमधलं इपॉक्सी रेझिन (धागे धरून ठेवणारा पदार्थ) उन्हाने पिवळं पडतं, त्यात आमच्या फिल्मचा काय दोष. इपॉक्सी अतिनील किरणांनी पिवळं पडतं हे बरोबर आहे, म्हणूनच तर त्याच्यावर ते किरण रोखणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, असतो आणि म्हणूनच मी त्या क्लिअर कोटवर फिल्म लावून घेतली. पण जिथे कड आपोआप सुटलीये तिथे खालचं कार्बन लख्ख काळं दिसतंय, वीण एकदम स्पष्ट. त्याच सुटलेल्या पट्टीखाली पांढरा कागद सरकवला तर कागद पिवळा दिसतो. फोटो पाठवलाय. यापेक्षा साधा पुरावा काय असतो? पिवळेपणा फिल्मबरोबर वर उचलला जातोय, रूफला चिकटून राहत नाहीये.

आणि दुसरी गोष्ट, जी मी प्रत्येक वेळी सांगते आणि कोणी लिहूनच घेत नाही. त्याच दिवशी, त्याच माणसाने, त्याच गाडीच्या बॉनेटवर तुमचीच फिल्म लावली. बॉनेट पांढरं आहे, तिथे जरासा पिवळेपणा असता तरी लगेच दिसला असता, आणि ते आजही स्वच्छ आहे. ऊन तेच, पाऊस तोच, धुणं तेच, उलट बॉनेटला खालून इंजिनाची धग जास्त. फरक फक्त एक आहे, रूफचा रोल नंबर वेगळा आहे. दोन्ही नंबर वॉरंटी कार्डावर छापलेत. तुम्ही टीपीयू (पॉलियुरेथेन या लवचिक प्लास्टिकची) फिल्म बनवता, अॅरोमॅटिक आणि अॅलिफॅटिक या पॉलियुरेथेनच्या दोन प्रकारांमध्ये कुठला उन्हात पिवळा पडतो हे मी तुम्हाला शिकवायची गरज नाही, गोंदसुद्धा पिवळा पडू शकतो हेही तुम्हाला माहितीये. मग त्या रोलची चौकशी का नाही केली? एकानेही मला रोल नंबर विचारला नाही. एकानेही नाही.

आता आजचा फोन. मी विचारलं की रोल नंबर तपासला का. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, गाडीत बसल्यावर टप दिसतो का तुम्हाला?" मला वाटलं ऐकण्यात काहीतरी गडबड झाली, म्हणून म्हटलं काय म्हणालात, परत सांगा. तर अगदी समजावणीच्या सुरात, "नाही म्हणजे बॉनेट क्लिअर आहे ना, दरवाजे क्लिअर आहेत, समोरून गाडी छानच दिसत असणार. टपावर कोण बघायला चढतंय?" मागे कोणीतरी हसलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं. मी तरीही शांतपणे सांगितलं की रूफवर सरळ ऊन पडतं, पक्ष्यांची घाण आणि झाडाचा चीक तिथेच पडून राहतो, म्हणून तर तिथे फिल्म लावली. त्यावर म्हणे, "कार्बन तर रॉकेटमध्ये वापरतात मॅडम, त्याला फिल्म लागतच नाही." मी विचारलं, मग तुम्ही मला विकली कशाला? "ते सेल्सला विचारा." म्हटलं सेल्सने मला तुमच्याकडे पाठवलंय. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग तो म्हणाला, "आवडत नसेल तर हीट गन मारा आणि ओढून काढा, निघते ती." मी म्हटलं तुम्ही हे मला लेखी देणार का, आणि तेवढ्यात फोन बंद.

हा सल्ला तुमच्या कंपनीच्या नावाने दिला गेलाय, म्हणून मॅनेजमेंटने हा परिच्छेद नीट वाचावा. हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, काही शे अंशांपर्यंत जाते. कार्बन रूफ म्हणजे रेझिनमध्ये बसवलेले धागे, जास्त तापलं की रेझिन मऊ पडतं, क्लिअर कोटला फोड येतात. फिल्म काढायची तर हलकी ऊब देऊन, कमी कोनात, हळूहळू मागे ओढत काढतात, हे तुमच्या ट्रेनिंगमध्येच शिकवत असाल ना? घाईत ओढली आणि क्लिअर कोट सोबत निघाला तर काय? पत्र्याचा पॅनल घासून परत रंगवता येतो. कार्बनचा क्लिअर कोट एका मर्यादेपर्यंतच घासता येतो, खाली धाग्याला पॉलिशपेपर लागला की ती वीण गेली, ती पुट्टी भरून परत आणता येत नाही. आणि असे रूफ बॉडीला गोंदाने चिकटवलेले असतात, बोल्ट काढला आणि बदलला असं होत नाही. इतकं सगळं पणाला लागलेलं असताना तुमचा माणूस सांगतो ओढून काढा!

आणि शेवटी मेलवर आलेलं उत्तर, की वॉरंटी "फॅक्टरी पेंट"वर आहे आणि कार्बन हे पेंट नाही. मग ऑर्डर फॉर्मवर तुमच्याच अधिकृत माणसाने "रूफ, कार्बन फायबर, ग्लॉस क्लिअर कोट" असं स्वतःच्या हाताने का लिहिलं? तेव्हा कार्बन चाललं, पैसे घेताना चाललं, वॉरंटी कार्डावर रोल नंबर छापताना चाललं, आणि फिल्म खराब निघाल्यावर ते पेंट नाही? बॉनेटवरसुद्धा तुमची फिल्म पांढऱ्या रंगाला चिकटलेली नाहीये, रंगावरच्या क्लिअर कोटला चिकटलीये. रूफवरही क्लिअर कोटलाच. मग फरक कुठे आहे ते मला एका ओळीत लिहून द्या. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय, दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

मी तुमचीच फिल्म निवडली कारण तुमचं नाव मोठं आहे. दोन स्वस्त पर्याय समोर होते, मी नाही म्हटलं. लोकांनाही हीच लावा म्हणून सांगितलं, त्याची आज खूप चीड येते.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. तुमचा प्रशिक्षित माणूस येऊन ही फिल्म काढेल, माझ्यासमोर, आणि काढताना क्लिअर कोटला काही झालं तर जबाबदारी कंपनीची असं आधी लेखी मिळेल. काढलेल्या फिल्मचा एक तुकडा माझ्याकडे राहील, एक तुम्ही तपासाल, आणि रोलचा अहवाल मला द्याल. त्यानंतर दुसऱ्या रोलमधली नवी फिल्म किंवा रूफचे पूर्ण पैसे, हे मी ठरवणार. डिस्काउंट कूपन पाठवू नका, एकदा पाठवलंत तेवढं पुरे.

पंधरा दिवसांत मॅनेजमेंटमधल्या कोणाचं नाव आणि सही असलेलं उत्तर आलं नाही तर ऑर्डर फॉर्म, कागदावरचा तो फोटो आणि तुमचे सगळे मेल घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाणार आहे. फोन करू नका, जे सांगायचं ते लिहून पाठवा.