उशा किती लागतात ते लिही

प्रिय मीनल,

रिपोर्टमधला 'इजेक्शन फ्रॅक्शन ३२' वाचून तू हबकलीस. पण हे शंभरपैकी मार्क नव्हेत गं. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडतं, तेवढंच तो आकडा सांगतो. धडधाकट हृदयही ५५ ते ७० टक्केच फेकतं. तुझं कमी आहे, पण धडधाकट हृदयाच्या जवळपास निम्मं आहे.

तुला झालेली पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी, म्हणजे बाळंतपणाच्या सुमारास हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा आजार, गरोदरपणाच्या अखेरीस किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या पाच महिन्यांत डोकं वर काढते. दम आणि पायांची सूज गरोदरपणातही असतेच, म्हणून ती ओळखायची राहून जाते. आडवं झाल्यावर दम लागून उशा वाढवाव्या लागणं, मध्यरात्री श्वास कोंडून उठून बसणं, ही मात्र बाळंतिणीची दमणूक नव्हे. उशांचं डॉक्टरांना सांगितलंस, हे फार बरं केलंस.

आता वजनकाटा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर उभी राहा आणि आकडा वहीत लिही. दिवसात एक किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते पाणी साठलेलं असतं. सूज दिसण्याची वाट न पाहता त्याच दिवशी फोन कर. मीठ सगळं मिळून दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचा.

दूध पाजतेस म्हणून गोळ्या बंद करू नकोस. एनालाप्रिल ही हृदयावरचा भार कमी करणारी गोळी; ती पोटात बाळ असताना चालत नाही, अंगावर पाजताना चालते. ब्रोमोक्रिप्टिन हे औषध सुचवलं तर त्याने दूध आटतं आणि रक्ताच्या गुठळीचा धोका असतो, म्हणून सोबत रक्त पातळ करणारं औषध देतात. मेटोप्रोलोल, म्हणजे ठोके हळू करणारी गोळी, तर एकदम कधीच सोडायची नाही. एका पायाची दुखरी सूज, बोलताना जीभ अडखळणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर थेट इमर्जन्सी.

बऱ्याच जणींचा इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा सहा महिन्यांत ५० च्या वर येतो, काहींना वर्ष लागतं. सगळ्यात मोठी चूक तिथेच होते: बरं वाटलं की गोळ्या सुटतात. आकडा सुधारल्यावरही त्या निदान वर्षभर चालू ठेवतात.

आणि पाळी सुरू व्हायच्या आधीही दिवस राहू शकतात. इस्ट्रोजेनच्या गोळ्या नकोत, तांबी चालेल. आकडा ५० च्या खाली असताना पुढचं बाळ नकोच. पूर्ण बरं झाल्यावरही आजार उलटू शकतो, तेव्हा आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलायचं.

पुढच्या इकोनंतर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनंतर, डाव्या कप्प्याचं मापही कळव. ते ६० मिलिमीटरच्या आत असलं तर सुधारण्याला जास्त वाव असतो.

तुझी,
वसुधा